गिऱ्हाइकाचे ऋण
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील व्यापारी सत्रात केलेले भाषण)



व्यापारावर बोलण्यास एका निवृत्त शाळामास्तरास उभे करावे, हा कार्यकारी मंडळाचा धीटपणाच म्हटला पाहिजे. मी अवघा मॅट्रिक. जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना पाढे शिकविण्यात आयुष्य गेले. तराजू हाती धरला तो फक्त सुटीच्या दिवसांत, वडिलांच्या दुकानात, आणि तोही त्यांच्या नजरेखाली. तथापि चिटणीसांनी मला सांगितले की, "गुरुजी, आमच्यापैकी प्रत्येक जण गल्ल्याच्या आतल्या बाजूने बोलणार आहे. बाहेरच्या बाजूस उभा राहिलेला कोणी तरी हवा." हा युक्तिवाद मला पटला. मी जन्माने गल्ल्याच्या आतला आणि कर्माने बाहेरचा, म्हणजे दोन्ही बाजूंचा थोडाथोडा आहे.

आपल्या तरुण व्यापारी मंडळाने गेल्या बैठकीत एक विषय चर्चेस घेतला होता, तो असा की, येत्या दिवाळीस गिऱ्हाइकांना काय भेट द्यावी. कोणी मिठाईचा डबा सुचविला, कोणी चांदीचे नाणे, कोणी सोडत. दर माणशी खर्च किती यावर तासभर खल झाला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. त्या तासाभरात एकाही गिऱ्हाइकाचे नाव कोणाच्या तोंडून निघाले नाही, ही गोष्ट माझ्या मनास लागली, आणि आजच्या भाषणाचा जन्म तेथे झाला.

प्रथम माझ्या घरची एक हकीकत सांगतो. माझी पत्नी २०२२ साली निवर्तली. त्यापूर्वी काही वर्षे, मुलीच्या लग्नाच्या वेळी, आम्ही एका मोठ्या शहरातील एका मोठ्या पेढीवर दागिने केले होते. तेथील बाईंनी पावती करताना पत्नीचा दूरध्वनी क्रमांक आणि जन्मतारीख लिहून घेतली. तो भ्रमणध्वनी आता माझ्याजवळ असतो. दर वर्षी तिच्या जन्मदिवशी सकाळी सात वाजता त्यावर निरोप येतो: आपण आमच्या परिवारातील आहात, आपणांस दीर्घायुष्य लाभो. पहिल्या वर्षी मी त्या पेढीस फोन लावला. यंत्राने मला एक दाबा, दोन दाबा असे सांगितले. मी दाबत गेलो. शेवटी एका मुलीचा आवाज आला, तिने मनापासून दुःख व्यक्त केले आणि नाव काढून टाकण्याचे आश्वासन दिले. पुढच्या वर्षी सकाळी सात वाजता पुन्हा निरोप आला. त्या पेढीचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाचे आभार मानावेत अशीच कोणाची तरी इच्छा असणार. परंतु आभार मानणारे तेथे कोणीच नव्हते.

आता दुसरी बाजू. तिच्या आजारपणातली औषधे आमच्या पेठेतील औषधवाल्याकडून येत असत. ती गेल्यावर पुष्कळ पाकिटे न उघडलेली राहिली. तेराव्यानंतर मी ती पिशवीत घालून दुकानी गेलो. पावत्या शोधण्याचे मला त्राण नव्हते. त्या गृहस्थाने पिशवी हातातून घेतली, मला बसावयास खुर्ची दिली, स्वतःच्या वहीतून स्वतःच पावत्या शोधल्या, मुदतीतली पाकिटे मोजली आणि पैसे पाकिटात घालून दिले. बोलला काही नाही. आजही मी रक्तदाबाच्या गोळ्या आणण्यास जातो तेव्हा तो आधी खुर्ची पुढे करतो, मग गोळ्या काढतो. त्याने आजवर मला कोणतीही भेटवस्तू दिलेली नाही, आणि गावात दुसरे दुकान स्वस्त आहे हेही मला ठाऊक आहे.

माझ्या वडिलांचे चिपळूणच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान होते. तेथे 'ग्राहक हा देव आहे' अशी पाटी नव्हती. त्या पाटीविषयी माझा अनुभव असा की, जेथे ती मोठ्या अक्षरांत असते तेथे तिच्या खालीच 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुसरी असते, आणि देवाने कोणती वाचावी हे देवासच कळत नाही. वडिलांची रीत जुनी. तांदूळ मापताना पहिल्या मापास ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, असे मोजीत. मी लहानपणी विचारले, लाभ कोणाचा? ते म्हणाले, दोघांचा. एकट्याचा असता तर मोठ्याने म्हणालो नसतो. माप झाल्यावर वर एक मूठ घालीत. आपल्या बाजारात भाजीवाली दोन मिरच्या नि कढीलिंबाची काडी अजून वर टाकते, दूधवाला मापानंतर चार थेंब अधिक सोडतो, ती हीच परंपरा. त्या मुठीची किंमत काय? काही नाही. परंतु ती हिशेब संपल्यावर पडते, म्हणून ती गिऱ्हाइकाच्या लक्षात राहते. आजच्या 'दोनावर एक मोफत' या योजनेत हिशेब आधीच केलेला असतो, आणि गिऱ्हाइकालाही ते कळते.

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षीची एक गोष्ट वडील आवडीने सांगत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आता एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात आणि पाव नवा पैसा तर सरकारने काढलेला नाही. सरकारी कोष्टकाप्रमाणे एक आण्यास सहा, दोन आण्यांस बारा, तीन आण्यांस एकोणीस आणि चार आण्यांस पंचवीस. कोष्टक सर्वांस पाठ नव्हते; मग एक आण्याच्या जिनसेस सात नवे पैसे घेण्याचा मोह कोणास होणार नाही? आण्याआण्याची खरेदी करणारा गरीब चार वेळा आला तर चोवीसच्या ठिकाणी अठ्ठावीस देऊन जाई. वडिलांनी पुठ्ठ्यावर ते कोष्टक मोठ्या अक्षरांत लिहून, आपल्याकडे नव्हे, तर गिऱ्हाइकाकडे तोंड करून टांगले. पुढे शेर जाऊन किलो आला तेव्हाही त्यांनी तेच केले. ते पुठ्ठे मी शाळेत शिकविण्यासाठी मागून नेले आणि हरविले, याची खंत आहे.

वडिलांचे कौतुक चालले आहे असे वाटल्यास क्षमा असावी. ते काही संत नव्हते. उंदराने कुरतडलेली गुळाची ढेप त्यांनी कडेने तासून विकलेली मी पाहिली आहे. आणि आपल्या सर्वांच्या दुकानांविषयी गावोगाव ज्या म्हणी प्रचारात आहेत त्या उगीच पडलेल्या नाहीत, हेही घरच्या मंडळींत बोलावयास हरकत नाही. ग्राहकांना संघटना का उभाराव्या लागल्या? पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायत स्थापन केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. आपण मापे नीट ठेवली असती आणि तक्रार ऐकून घेतली असती, तर यांतले किती करावे लागले असते याचा विचार ज्याने त्याने करावा. २०१९ च्या नव्या कायद्याने तर सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित प्रथा ठरविली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. तेव्हा ती दुसरी पाटी ज्यांच्या दुकानात असेल त्यांनी ती दिवाळीच्या साफसफाईत काढून टाकावी. चांदीच्या नाण्यापेक्षा ती भेट गिऱ्हाइकास अधिक आवडेल, आणि तिला खर्चही नाही.

आता मी ज्या प्रसंगासाठी एवढा वेळ आपला घेतला त्याकडे वळतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आपल्या कोकणातील माणसे किती होती हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. आमच्या आसपासच्या वाड्यांतील कित्येक चुली मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर येई, आणि त्याच संध्याकाळी दुकानाची उधारी फिटे. त्या वर्षी फेब्रुवारीत मनिऑर्डरी रोडावल्या, मार्चमध्ये थांबल्या. बायका दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहत आणि आत येत नसत. वडील आतून हाक मारीत, "वहिनी, तांदूळ संपले असतील ना? पिशवी द्या इकडे."

मी त्या वेळी नवा नवा मास्तर होतो. रविवारी घरी आलो की वह्या तपाशीत असे. एका रविवारी मी सर्व उधारी मांडली, व्याज धरले, आणि वडिलांना दाखविले की असेच चालले तर पावसाळ्यापूर्वी आपणच उधार मागावयास निघू. माझे गणित अचूक होते. वडिलांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "संप मुंबईस आहे, चुलीस नाही." मग त्यांनी साखर आणि चहापत्ती उधार देणे बंद केले, तांदूळ, मीठ, डाळ, घासलेट चालू ठेवले. आईच्या पाटल्या त्या वर्षी गहाण पडल्या. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, पुष्कळांची नोकरी कायमची गेली. आमची उधारी फिटावयास कोणास दोन वर्षे लागली, कोणास सहा. तीन घरांनी ती कधीच फेडली नाही. पाटल्या मात्र सुटल्या. वडिलांनी ती तीन नावे आम्हांस कधी सांगितली नाहीत, आणि वही मी तपाशीत असल्यामुळे मला ती ठाऊक आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, चिपळुणात पाणी शिरले. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे माल वरच्या फळीवर चढविला की निभावते अशी समजूत होती. या वेळी वरची फळीही बुडाली. दुकान आता माझा पुतण्या पाहतो. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तो आत गुडघाभर चिखल, फुगून फुटलेली पोती, आणि तांदळाचा आंबलेला वास. उधारीची वही म्हणजे लगद्याचा गोळा झाला होता. पुतण्या तो हातात धरून नुसता उभा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार माणसे फावडी, घमेली आणि खराटे घेऊन दुकानासमोर आली. त्यांतला एक जण त्या पायरीशी उभ्या राहणाऱ्या बायकांपैकी एकीचा नातू. त्याचा जन्म संपानंतरचा. घरी ऐकले होते, एवढेच तो म्हणाला. पुढच्या पंधरवड्यात उधारीची माणसे एकेक करून आली आणि आपापला आकडा आपल्या तोंडाने सांगून पैसे देऊन गेली. सगळीच आली असे नाही. निम्म्याहून अधिक आली. एका म्हातारीने सांगितलेला आकडा पुतण्याच्या आठवणीपेक्षा जास्त होता. त्याने तो कमी करून घेतला, ती रागावली.

आता या लोकांचे आभार कसे मानावयाचे? आजचा आपला विषय तोच आहे. डबे वाटावयाचे तर दुकानात डबाभरसुद्धा माल उरला नव्हता. त्या वर्षी गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला आली. पुतण्याने आठवणीने एक यादी केली, दुपारी दुकान बंद ठेवले, आणि प्रत्येकाच्या घरच्या गणपतीस एकेक नारळ घेऊन स्वतः गेला. ज्या वाड्यांत आमचा माल तीन पिढ्या जात होता त्यांतल्या काही वाड्यांत आमच्या घरातले माणूस त्या दिवशी प्रथम गेले. तो मला म्हणाला, "काका, आमची गिऱ्हाइके कोठे राहतात हे मला माहीत नव्हते. कोणाच्या घरी काय लागते तेवढे पाठ होते." आता दर गणपतीत तो हे करतो. सगळी घरे एका वर्षी होत नाहीत; या वर्षी पूर्वेकडच्या वाड्या, पुढच्या वर्षी खाडीकडच्या.

आभार मानतानाही माणूस किती दुखावू शकतो याचेही एक उदाहरण आपल्याच ज्ञातीतले सांगतो. नाव विचारू नये. कापडाची एक पेढी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एक दिवस ठरवून स्त्री-गिऱ्हाइकांचे हळदीकुंकू करीत असे. चाल सुरेख. परंतु माझी थोरली बहीण लवकर विधवा झाली. तिने आपल्या मुलांचे शाळेचे कपडे, पुढे लग्नाचे बस्ते, वीस वर्षे त्याच पेढीवर केले. शेजारणींना बोलावणे येई. हिला कधी आले नाही. तिच्या पैशांस वैधव्य नव्हते, तिच्या कपाळास मात्र होते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. पुढच्या संक्रांतीस त्या पेढीच्या सूनबाईंनी समारंभाचे नाव तिळगूळ असे ठेविले आणि खात्यावर नाव असलेल्या प्रत्येक बाईस बोलाविले. माझी बहीण तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होती. वाण म्हणून चहाची एक गाळणी मिळाली, बाजारभावाने वीस रुपयांची. ती तिने अद्याप वापरलेली नाही. फळीवर ठेवली आहे.

परदेशचे एकच उदाहरण घेतो, कारण ते मला शाळेत सहकाराचा धडा शिकविताना फार आवडत असे. इंग्लंडात रॉचडेल या गावी १८४४ साली अठ्ठावीस विणकर आणि कारागिरांनी टोड लेन नावाच्या गल्लीत एक लहानसे दुकान काढले. माल भेसळीचा नसावा, माप पुरे असावे, आणि जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्यास परत मिळावा, अशी त्यांची रीत. जगातील सहकारी भांडारांनी पुढे हीच वाट धरली. आपण खाजगी व्यापारी. नफा वाटून टाका असे मी सांगितले तर अध्यक्ष मला येथेच थांबवितील. पण जास्त खरेदी करणाऱ्यास मोठा डबा आणि पावशेर साखर नेणाऱ्यास काहीच नाही, ही आपली रीत आणि त्यांची रीत यांत फरक आहे. तेथे लहान गिऱ्हाइकाचे दोन पेन्सही वहीवर चढत.

भेटवस्तूस माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. भेट द्यावी, पण ती त्या घरात उपयोगी पडेल अशी द्यावी. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केले. त्यावर आपल्या दुकानाचे नाव छापून वाटण्याची चाल मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर वर्षभर राहते, त्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहिला जातो, गॅसचे नळकांडे कधी लावले ते लिहिले जाते. मिठाई दोन दिवसांत संपते, आणि ज्या घरी मधुमेह आहे तेथे ती दुसऱ्याच्या घरी जाते. औषधवाल्याने मिठाई वाटलेली मी पाहिली आहे. त्यावर अधिक बोलत नाही.

आणि कृपा करून गिऱ्हाइकाचा भ्रमणध्वनी क्रमांक उगीच मागू नका. क्रमांक दिल्याखेरीज पावती न करण्याची चाल मोठ्या दुकानांतून सुरू झाली, तेव्हा २०२३ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला तसा आग्रह धरू नये असे व्यापाऱ्यांना सांगावे लागले. घेतलाच तर वही जिवंत ठेवा. कोण गेले, कोण गाव सोडून गेले, याची नोंद करा. माझ्या घरी सकाळी सात वाजता जो निरोप येतो तसा आपल्यापैकी कोणाच्या दुकानातून कोणाच्या घरी जाऊ नये.

शेवटी पुतण्याच्या एका वहीविषयी सांगतो आणि बसतो. पुरात उधारीची वही गेली, त्यानंतर त्याने नवी आणली, तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक पातळ वही आणली. तिच्यात तो, गिऱ्हाइकाने मागितले आणि आपल्याकडे नव्हते, एवढेच लिहितो. तारीख, जिन्नस, माणसाचे नाव. पुढच्या खेपेस कोल्हापूरहून माल येतो तेव्हा तो त्या वहीतील जिन्नस थोडा का होईना आणवितो आणि ते माणूस आले की विचारण्यापूर्वीच पुढे करतो. गेल्या महिन्यात मी ती चाळली. एका पानावर माझेच नाव होते: 'काका, दौतीची निळी शाई.' मी ती वर्षापूर्वी सहज विचारली होती आणि विसरून गेलो होतो. दौत गल्ल्यामागे तयार होती. पैसे त्याने घेतले, तेही पुरे घेतले.